दुसऱ्याच्या चिठ्ठीवरचे घर

दवाखान्यात एक प्रसंग वर्षानुवर्षे घडत आला आहे. एखादे गृहस्थ खिशातून चुरगळलेली चिठ्ठी काढतात आणि म्हणतात, "डॉक्टर, शेजारच्या अण्णांना या गोळ्यांनी फार गुण आला म्हणून मीही आठ दिवस घेतल्या. मला मात्र सारखी चक्कर येते." चिठ्ठी अण्णांच्या रक्तदाबाची असते आणि या गृहस्थांचा रक्तदाब मुळातच कमी असतो. औषध चांगले असते, लिहून देणारा डॉक्टरही जाणता असतो. रोगी तेवढा दुसरा असतो.

गेल्या महिन्यात अशीच एक चिठ्ठी मला एका घराच्या भिंतींवर दिसली.

ओळखीच्या कुटुंबातल्या आजी घरातच पडल्या. मनगट सुजले होते म्हणून मी त्यांना पाहायला गेलो. फ्लॅट नवा, सहा महिन्यांपूर्वी वास्तुशांत झालेला. दार उघडले आणि डोळेच दिपले. पांढऱ्या भिंती, पांढऱ्या चकचकीत फरशा, फिक्या लाकडाच्या रंगाचे नवे फर्निचर. पश्चिमेची मोठी खिडकी, तिला पडदा नाही. जमिनीवर जाड केसाळ गालिचा, खुर्चीवर लोकरीचे कातडे, टेबलावर सात-आठ सुगंधी मेणबत्त्या. सूनबाई कौतुकाने म्हणाल्या, "काका, ही स्कँडिनेव्हियन स्टाईल आहे. मोबाईलवर फोटो बघून तशीच्या तशी करून घेतली."

घर देखणे होते, यात शंका नाही. दोघांनी नोकरी करून, कर्ज काढून हौसेने सजवले होते. पण त्याच घरातला चार वर्षांचा नातू दोन महिन्यांत तीनदा माझ्याकडे रात्रीचा खोकला आणि छातीतली घरघर घेऊन आला होता. आणि आजी कशा पडल्या, तर हॉल आणि गॅलरी यांमधली पायरी त्यांना दिसलीच नाही. फरशी पांढरी, पायरी पांढरी, समोरून ऊन, आणि डाव्या डोळ्यात पिकत आलेला मोतीबिंदू. आजी मला हळूच म्हणाल्या, "डॉक्टर, या घरात मला कडाच दिसत नाहीत बघा."

तेव्हा वाचकहो, आजचा विषय घर सजवण्याचा आहे. आरोग्याच्या सदरात हा विषय कुठून आला, असे कोणी म्हणेल. पण ज्याला आपण स्कँडिनेव्हियन सजावट म्हणतो, तिच्या मुळाशी आरोग्याचाच प्रश्न होता. तो समजून न घेता नुसते रंगरूप उचलले, की अण्णांच्या गोळ्यांसारखे होते.

सूर्य हरवलेली गावे

स्कँडिनेव्हिया म्हणजे डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन. सजावटीच्या बाबतीत शेजारचा फिनलंडही त्यांच्याच पंगतीला बसतो. हे देश पृथ्वीच्या पार उत्तरेला आहेत. नॉर्वेतल्या ट्रोम्सो शहरात नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही. स्टॉकहोम त्या मानाने बरेच दक्षिणेला, तरी तिथे डिसेंबरातला दिवस सुमारे सहा तासांचा. सकाळी पावणेनऊच्या सुमाराला उजाडते आणि दुपारी पावणेतीनला सूर्य मावळतो. भर दुपारी बारालाही तो क्षितिजापासून जेमतेम सात अंश वर असतो. आपल्याकडे सूर्य इतका खाली असतो, तेव्हा माणसे नुकती चूळ भरत असतात.

नॉर्वेमध्ये र्युकान नावाचे एक गाव खोल दरीत वसले आहे. डोंगरांच्या आड गेल्यामुळे त्या गावात सप्टेंबरच्या अखेरीपासून मार्चपर्यंत ऊन पोहोचतच नाही. १९२८ मध्ये तिथल्या कारखान्याच्या कंपनीने डोंगरावर जाणारा पाळणा बांधला, तो गावकऱ्यांना हिवाळ्यात वर जाऊन ऊन खाता यावे म्हणून. पुढे २०१३ मध्ये गावाने डोंगराच्या बाजूवर तीन मोठे आरसे बसवले. सूर्य जसा सरकेल तसे ते आरसे संगणकाच्या मदतीने वळतात आणि उन्हाचा एक तुकडा गावच्या चौकात पाडतात. लोक त्या तुकड्यात खुर्च्या टाकून बसतात. आपण सावलीसाठी झाडाखाली गाडी लावतो. ती माणसे उन्हासाठी आरसे लावतात. ज्या भिंती आपण फोटोत पाहतो, त्या या माणसांनी रंगवलेल्या आहेत.

हे मी पुष्कळ आधी वाचले होते. पण वाचणे निराळे आणि सोसणे निराळे.

चार वर्षांपूर्वी मुलीच्या बाळंतपणासाठी सौ. स्टॉकहोमला गेली. मुलगी आणि जावई तिथे नोकरीला आहेत. सौ. ऑक्टोबरच्या मध्याला गेली, मी दवाखान्यामुळे डिसेंबरात जायचे ठरले होते. पहिले काही आठवडे बाळाच्या कौतुकात गेले. नोव्हेंबर उजाडला, किंवा खरे सांगायचे तर उजाडलाच नाही, आणि फोनवरचा तिचा आवाज बदलला. "अहो, काही करावंसंच वाटत नाही. सारखी झोप येते. बाळ रडलं तरी उठवत नाही." खाण्यात गोड फार वाढले होते. लहानसहान गोष्टीवरून डोळ्यांत पाणी येत होते. मी इकडून सांगितले, "दगदग झाली असेल. थंडीही आहे. जरा पांघरूण घेऊन पडून राहा."

पस्तीस वर्षे लोकांच्या नाड्या पाहणाऱ्या माणसाने स्वतःच्या बायकोला दिलेला हा सल्ला नेमका उलटा होता. हे लिहायला मला आजही जड जाते. तिला हिवाळ्यातली उदासी जडली होती. अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ नॉर्मन रोझेन्थाल यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये तिचे वर्णन केले. दिवस लहान झाले की काही माणसांना जास्त झोप येते, गोड खावेसे वाटते, कशात मन लागत नाही. पुढे वसंत आला की हे आपोआप ओसरते. मला ते पाठ होते. पण रोगी दवाखान्यातल्या स्टुलावर बसलेला नव्हता, फोनवर होता आणि घरचा होता.

ओळखले ते शेजारच्या बाईंनी. त्या निवृत्त परिचारिका. बाळाला पाहायला आल्या, तेव्हा सौ. आतल्या खोलीत पडदे ओढून पडली होती. त्या मुलीला म्हणाल्या, "आईंना खिडकीशी बसवा. आणि रोज दुपारच्या आत बाहेर घेऊन जा, ढग असले तरी." मुलीने तिथल्या आरोग्य केंद्रात नेऊन रक्त, थायरॉईड वगैरे तपासून घेतले. दुसरे काही निघाले नाही. मग दहा-अकराच्या सुमाराला बाबागाडी घेऊन तासभर फिरणे आणि उरलेला उजेड खिडकीत बसून पाहणे, असा क्रम सुरू झाला. मी डिसेंबरात पोहोचलो तेव्हा ती पुष्कळ सावरली होती.

त्या घरात मी पहिल्यांदा भिंतीकडे डॉक्टरच्या नजरेने पाहिले. भिंती पांढऱ्या का, तर खिडकीतून आलेला मूठभर उजेड शोषला न जाता खोलीच्या कोपऱ्यापर्यंत जावा म्हणून. पडदे का नाहीत, तर तो मूठभर उजेडही अडू नये म्हणून. लाकूड फिके का, तर ते बर्च, पाइन अशा तिथल्याच झाडांचे, आणि गडद रंगाने खोली आणखी काळवंडते म्हणून. संध्याकाळी छताला एकही मोठा दिवा नव्हता. हॉलमध्ये मी लहान-मोठे सात दिवे मोजले. कोणी खुर्चीशेजारी, कोणी पुस्तकांच्या फळीवर, कोणी खिडकीत. सगळे बसलेल्या माणसाच्या खांद्याच्या आसपास आणि सगळे पिवळसर. रस्त्यावरच्या जवळजवळ प्रत्येक खिडकीत सात दिव्यांची विजेची समई ठेवलेली. नाताळच्या आधीच्या चार आठवड्यांत ती तिथे घरोघर लावतात.

उजेडाचा हिशेब सांगतो. उजेड लक्स या मापात मोजतात. आपल्या भर उन्हात एक लाख लक्सपर्यंत उजेड असतो. ढगाळ दिवशीही बाहेर काही हजार लक्स मिळतो. पण दिवा लावलेल्या घरात तो शंभर ते तीनशेच्या आसपास असतो. आपल्या डोळ्यांतल्या काही पेशींचे काम पाहण्याचे नसून मेंदूला 'दिवस झाला' हे कळवण्याचे असते. त्यांना घरातला दिवा पुरत नाही. म्हणून या उदासीवर सकाळी अर्धा तास १० हजार लक्सच्या खास दिव्यासमोर बसवण्याचा उपचार आहे. तो डॉक्टरांना विचारूनच करावा, विशेषतः डोळ्यांचा किंवा मनाचा दुसरा आजार असेल तर. स्वीडनमधल्या उमेओ शहरात तर २०१२ मध्ये बसथांब्यांवर असे दिवे लावले होते.

आपल्या जिल्ह्यातली कितीतरी मुले आज परदेशी आहेत. नातवंडासाठी आजी-आजोबा तिकडे जातात. उत्तरेकडच्या देशात हिवाळ्यात जाणार असाल, तर लोकरीच्या कपड्यांबरोबर ही माहितीही बरोबर न्या.

क्षयरोगाने शिकवलेले

पण ही सजावट नुसत्या अंधारातून जन्मली नाही. तिला दुसरे एक कारण होते, आणि ते आपल्याला फार परिचयाचे आहे. ते म्हणजे क्षयरोग.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे देश आजच्यासारखे सुखवस्तू नव्हते. एका खोलीत आठ-दहा माणसे, ओल्या भिंती, बंद खिडक्या आणि खोकला. श्रीमंतांच्या घरात वेगळाच प्रकार होता. जाड मखमली पडदे, काळपट कोरीव फर्निचर, कोपऱ्याकोपऱ्यांत धूळ. १८९९ मध्ये एलेन केय या स्वीडिश लेखिकेने 'सर्वांसाठी सौंदर्य' या अर्थाच्या नावाचे पुस्तक लिहिले. त्या स्टॉकहोमच्या कामगार संस्थेत व्याख्याने देत. त्यांचे म्हणणे असे, की सुंदर घर हा पैशाचा प्रश्न नाही. वस्तू ज्या कामासाठी आहे ते तिने नीट करावे, खोलीत ऊन आणि हवा यावी, घर सहज झाडता-पुसता यावे. त्याच वर्षी चित्रकार कार्ल लार्सन यांचे स्वतःच्या घरातल्या चित्रांचे पुस्तक निघाले. सुंडबॉर्न गावातले ते लाकडी घर आजही लोक पाहायला जातात. चित्रे कार्लची, पण घरातले विणकाम आणि पुष्कळसे फर्निचर यांची कल्पना पत्नी कारिन यांची. मुलांचे मोठे खटले सांभाळता सांभाळता, घराला जे लागेल ते त्यांनी स्वतः आखले आणि विणले.

उजेड आणि क्षय यांचे नाते सांगणारा माणूसही तिकडचाच. डेन्मार्कचे डॉक्टर नील्स फिन्सेन. कातडीच्या क्षयावर त्यांनी प्रखर प्रकाशाने उपचार केले आणि त्याबद्दल त्यांना १९०३ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. ते स्वतः दीर्घ आजारी होते. पारितोषिकानंतर वर्षभरातच, त्रेचाळिसाव्या वर्षी ते वारले.

या सगळ्याचा कळस मला दिसतो तो फिनलंडमधल्या पाइमियो गावच्या क्षयरोग रुग्णालयात. ते १९३३ मध्ये पूर्ण झाले. वास्तुशिल्पी आल्व्हार आल्टो आणि त्यांना साथ त्यांच्या पत्नी आयनो यांची. त्या काळी क्षयावर औषध नव्हते. विश्रांती, हवा, ऊन आणि अन्न एवढाच उपचार. आल्टो यांनी इमारत उभ्या माणसासाठी न आखता पडून राहिलेल्या माणसासाठी आखली. रोगी दिवसभर छताकडे पाहणार, म्हणून छताला डोळ्यांना निववणारा गडद हिरवा रंग दिला. दिवा त्याच्या डोळ्यांवर येणार नाही अशा जागी बसवला. एका खोलीत दोघे असत. एकाने तोंड धुताना दुसऱ्याची झोपमोड होऊ नये म्हणून हात धुण्याच्या भांड्याचा उतार असा ठेवला, की पाण्याचा आवाज होऊ नये. दाराच्या मुठींना असा बाक दिला, की डॉक्टरांच्या कोटाची बाही अडकू नये. खुर्ची केली ती वाकवलेल्या बर्च प्लायवूडची. पोलादी नळी हाताला गार लागते म्हणून ती टाळली. गादी नाही, म्हणजे धूळ साठायला जागा नाही. पाठीचा कल असा, की रोग्याला श्वास घेणे सोपे जावे. आज ती खुर्ची न्यूयॉर्कच्या कलासंग्रहालयात आहे आणि तिच्या नकला दुकानांत आहेत.

मी वैद्यकीय शिक्षण घेतले तेव्हा क्षयाची औषधे येऊन बरीच वर्षे झाली होती. पण पाचगणीला, मिरजेला जुन्या आरोग्यधामांची परंपरा होती. उंच छते, लांब व्हरांडे आणि मोठ्या खिडक्या आमच्या पिढीने पाहिल्या आहेत. म्हणून पाइमियोचे फोटो मला परके वाटत नाहीत.

दिव्यांचेही तसेच. डेन्मार्कचे पोल हेनिंगसेन यांनी १९२० च्या दशकात एकावर एक पत्रे रचून असा दिवा केला, की आतला बल्ब कुठूनही डोळ्यांवर येत नाही. आणि स्वयंपाकघराचे? स्वीडनमध्ये १९४४ साली घरकामाचा अभ्यास करणारी एक संस्था निघाली. ओट्यापाशी बाई किती वाकते, किती पावले चालते, वरच्या फळीला तिचा हात पोहोचतो का, हे तिथे मोजले गेले. त्यावरून स्वयंपाकघराची मापे ठरली. घर आणि मुलांचे आरोग्य यांचा संबंध सरकारच्या गळी उतरवणाऱ्यांत आल्वा मिर्दाल होत्या. त्याच पुढे १९५० च्या दशकात स्वीडनच्या राजदूत म्हणून दिल्लीला आल्या.

पुढे १९५४ ते १९५७ या काळात या देशांच्या वस्तूंचे प्रदर्शन अमेरिका-कॅनडात फिरले आणि 'स्कँडिनेव्हियन डिझाइन' हे नाव जगाच्या तोंडी बसले. मग मोठी दुकाने आली. स्वीडनच्या आयकियाचे भारतातले पहिले दुकान २०१८ मध्ये हैदराबादला उघडले आणि २०२० मध्ये नवी मुंबईत. आता मोबाईलवरून ते चित्र आपल्या गल्लीतही आले आहे. येऊ द्या. चांगले कुठूनही यावे. पण या साऱ्या वाटचालीत एक गोष्ट मागे पडली. या माणसांनी आधी माणूस पाहिला आणि मग खुर्ची केली. आपण खुर्ची पाहतो आणि माणसाला तिच्यात बसवतो.

फोटोत न दिसणारे

स्वीडनच्या त्या घरात आणखी काही गोष्टी होत्या, ज्या कुठल्याच फोटोत दिसत नाहीत. पहिली, हवा. खिडक्यांना तिहेरी काच होती, पण खोलीतली शिळी हवा बाहेर ओढून घेणारी यंत्रणा होती. मोठ्या निवासी इमारतींत ती नीट चालते की नाही याची ठरावीक वर्षांनी तपासणी करणे तिथे १९९० च्या दशकापासून कायद्याने सक्तीचे आहे. दुसरी, जोडे. आपल्यासारखेच ते लोक दारात जोडे काढतात. तिसरी, सतरंज्या. जमिनीवर होत्या त्या जुन्या कपड्यांच्या चिंध्या विणून केलेल्या पातळ पट्ट्या, आपल्या वाकळीच्या चुलत बहिणीच म्हणा ना. त्या झटकता येतात, धुता येतात. फिनलंडमध्ये तर सतरंज्या धुण्यासाठी पाण्याकाठी वेगळे धक्के बांधलेले असतात. चौथी, बाळ. आमचा नातू दुपारची झोप गॅलरीत, बाबागाडीत, गरम कपड्यांत गुंडाळून घ्यायचा. सौ.चा जीव खालीवर व्हायचा, पण तिथे तीच रीत आहे. पाचवी, ड जीवनसत्त्वाचे थेंब. ते तिथे लहान बाळांना नियमाने देतात. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हाने मन प्रसन्न होते, पण कातडीत ड जीवनसत्त्व तयार होत नाही, कारण त्यासाठी लागणारे किरण काच अडवते. आपल्यासारख्या सावळ्या कातडीला तर ते तयार करायला अधिक ऊन लागते.

आता आमच्या त्या नव्या फ्लॅटकडे परत येऊ. भिंती आल्या, पण हवा मागेच राहिली. धूळ आणि डास येतात म्हणून खिडकी बंद, आणि एसी चालू. जाड केसाळ गालिचा पावसाळ्यात दमट राहतो. त्यात डोळ्यांना न दिसणारे धुळीतले किडे वाढतात. दम्याच्या मुलाला याहून वाईट सोबत नाही. तिकडे हिवाळ्यात तापवलेल्या घरातली हवा इतकी कोरडी असते, की हे किडे तगत नाहीत. मेणबत्त्यांचे म्हणाल, तर डेन्मार्कमधल्याच संशोधकांनी घरोघर मोजमाप करून दाखवले आहे, की तिथल्या घरातल्या हवेत अतिसूक्ष्म कण सोडणाऱ्यांत मेणबत्तीचा वाटा फार मोठा आहे. त्या कणांना सुगंधाची जोड मिळाली, की दम्याची छाती आवळते.

फिके फर्निचर भुशाच्या बोर्डाचे होते. कपाट उघडले की डोळे चुरचुरत. हे बोर्ड ज्या डिंकाने चिकटवतात, त्यातून फॉर्माल्डिहाइड नावाचा वायू सुटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्ये तो माणसाला कर्करोग करणारा म्हणून नोंदवला आहे. उष्णता आणि दमटपणा वाढला की तो अधिक सुटतो, म्हणजे आपल्याकडे काळजी जास्त घ्यायला हवी. बोर्ड घेताना ई-१ किंवा ई-० अशी खूण विचारून घ्या, कापलेल्या कडा बंद करून घ्या, नवे कपाट आले की काही आठवडे खिडक्या उघड्या ठेवा. जुने घर खरवडून रंग देणार असाल, तर मुलांना त्या दिवसांत दुसरीकडे ठेवा. घरच्या रंगातल्या शिशावर आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून कडक मर्यादा आली. त्याआधीच्या थरांत ते असू शकते.

राहिला पांढरा रंग. सात अंशांवरचा सूर्य आणि डोक्यावरचा सूर्य यांत फरक आहे. आपल्या जिल्ह्यात मे महिन्यात सूर्य अगदी माथ्यावरून जातो. तिथे जो पांढरा रंग उजेड वाटतो, तोच इथे बिनपडद्याच्या पश्चिम खिडकीसमोर डोळ्यांत खुपतो, आणि खोली तापते ती वेगळीच. मोतीबिंदूच्या डोळ्यांना तर चकाकी सोसत नाही आणि एका रंगातून दुसरी कडा वेगळी ओळखता येत नाही. म्हाताऱ्या माणसाचे पडणे ही साधी गोष्ट नाही. आजींचे मनगटावर निभावले. खुब्याचे हाड मोडले असते, तर त्या अंथरुणातून कधी उठल्या असत्या, हे मी सांगू शकलो नसतो.

मग आपण काय घ्यावे?

कोणी म्हणेल, म्हणजे हे परदेशी फॅड सोडूनच द्यावे. माझे मत तसे नाही. आपले वाडेही सगळेच आदर्श नव्हते. काळोखी माजघरे आणि धुराची स्वयंपाकघरे यांनी किती बायकांच्या छात्या पोखरल्या, ते मी पाहिले आहे. त्या लोकांकडून घ्यायचा तो त्यांचा प्रश्न घ्यावा. आमच्या हवेत काय कमी आहे, काय जास्त आहे, घरात कोण राहते, आणि त्याच्यासाठी घराने काय करावे? त्यांच्याकडे उजेड कमी होता, म्हणून त्यांनी उजेड साठवला. आपल्याकडे ऊन आणि ओल जास्त आहे, तेव्हा आपण सावली, वारा आणि कोरडेपणा साठवावा.

आणि काही गोष्टी जशाच्या तशा घेण्यासारख्याही आहेत. संध्याकाळी छताचा झगझगीत पांढरा दिवा बंद करून खाली ठेवलेला पिवळसर दिवा लावा. मुलांची आणि म्हाताऱ्यांची झोप सुधारते. खोलीत सामान बेताचे ठेवा. जे झाडता येत नाही आणि धुता येत नाही, ते घेऊ नका. नॉर्वेत १९७२ मध्ये मुलाच्या वाढीबरोबर बैठक आणि पायपट्टी वरखाली करता येईल अशी खुर्ची निघाली. तशी महागडी खुर्ची नको, पण अभ्यासाला बसलेल्या मुलाचे पाय लोंबकळत असतील, तर खाली पाट तरी द्या.

आणि ओटा. घर बांधताना ओट्याची उंची कोण ठरवते? गवंडी. त्या ओट्यापाशी पुढची तीस वर्षे जी उभी राहणार, तिला कोणी विचारत नाही. माझ्याकडे कंबर आणि मान दुखते म्हणून येणाऱ्या बायकांना मी हल्ली आधी ओट्याची उंची विचारतो. हात कोपरात दुमडून उभे राहा. ओटा कोपराच्या चार ते सहा इंच खाली असावा. पोळी लाटताना थोडा आणखी खाली चालतो. हे माप घ्यायला पैसे लागत नाहीत. विचारावे लागते, एवढेच.

त्या कुटुंबाला मी हे सारे सांगितले, तेव्हा सूनबाईंचा चेहरा उतरला. मी म्हटले, "अहो, भिंती पाडायला सांगत नाही." गालिचा आणि लोकरीचे कातडे गेले, मेणबत्त्या गेल्या. सकाळ-संध्याकाळ खिडक्या उघडतात, त्यांना जाळी बसवली. भिंतींना पुढच्या वेळी फिका मातकट रंग देणार आहेत. पायरीच्या कडेला पिवळी पट्टी चिकटवली. पश्चिमेच्या खिडकीला आजींच्या जुन्या इरकल साडीचा पडदा शिवला. तो दुपारी ओढतात, सकाळी सारतात. आजींच्या मोतीबिंदूची तारीख ठरली आहे. नातवाच्या रात्री या महिन्यात बऱ्या गेल्या. सगळे श्रेय मी गालिच्याला देणार नाही, त्याचा पंपही नियमित चालू आहे आणि तो मला विचारल्याशिवाय बंद करायचा नाही, असे बजावले आहे.

सूनबाई परवा म्हणाल्या, "काका, आता फोटोसारखं नाही राहिलं घर." मी त्यांना कारिनबाईंची गोष्ट सांगितली. घरातल्या माणसांना लागेल ते शोधून, जवळच्या कापडातून त्यांनी आपले घर उभे केले होते. इरकल साडीचा पडदा त्यांना नक्की आवडला असता.

आमच्या घरी एक बदल झाला आहे. सौ. आता सकाळचा चहा आत घेत नाही. सातला दारापुढच्या ओट्यावर खुर्ची टाकते आणि कोवळ्या उन्हात बसते. मलाही बसवते. नोव्हेंबर आला की मुलीला फोन करून आधी विचारते, "आज बाहेर जाऊन आलीस का?"

तुम्हीही उद्या सकाळी आपल्या घरात एकदा हिंडून बघा. ऊन कुठे येते, ओल कुठे आहे, म्हाताऱ्या माणसाला पायरी दिसते का, ओट्याशी कोण वाकते आहे. रंगाचा डबा त्यानंतर आणा. आणि अण्णांच्या चिठ्ठीवरच्या गोळ्या घेत असाल, तर त्या उद्याच आपल्या डॉक्टरांना दाखवा.